सर्वश्रेष्ठ अल्बम कोणता? हिप-हॉपच्या घराण्यातला न मिटणारा वाद

तीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकन रॅप अल्बमांवरून रसिक आजही हमरीतुमरीवर येतात. कोणी विक्रीचे आकडे पुढे करतो, कोणी शब्दांचे कौशल्य, तर कोणी समाजावर झालेला परिणाम. पण खरा वाद गाण्यांचा आहे, की ती मोजणाऱ्या फूटपट्टीचा?

९ नोव्हेंबर १९९३, मंगळवार. त्या दिवशी अमेरिकेतील दुकानांत न्यूयॉर्कच्या दोन गटांचे दोन रॅप अल्बम एकाच वेळी विक्रीला आले. पहिला होता 'ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या गटाचा 'मिडनाइट मरॉडर्स'. जॅझच्या सुरांवर तरंगणारा, खेळकर, मित्रांच्या गप्पांसारखा. दुसरा होता 'वू-टँग क्लॅन' या नऊ जणांच्या गटाचा 'एंटर द वू-टँग'. खरखरीत, काळोखा, कुंगफू चित्रपटांतील संवादांचे तुकडे मधेमधे पेरलेला. शहर एक, दिवस एक, संगीतप्रकारही एकच. पण ऐकणाऱ्याला वाटावे, हे दोन वेगळ्या जगांतून आले आहेत!

या दोघांत श्रेष्ठ कोणता? आणि या दोघांच्या जोडीला दशकातले बाकीचे मातब्बर अल्बम ठेवले, तर पहिला क्रमांक कोणाला द्यायचा? १९९०चे दशक हिप-हॉपचा सुवर्णकाळ होता, असे अनेक जाणकार मानतात. पण त्या सुवर्णकाळाचा राजा कोण, यावर मात्र त्यांचे एकमत नाही.

एका पार्टीतून जन्मलेले संगीत

वाद समजून घेण्याआधी हे संगीत आले कुठून, ते पाहायला हवे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायचे, एवढाच तिचा हेतू होता. गाणी लावायला होता तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क.

नाचणारी मुले गाण्यातील एका विशिष्ट जागेची वाट पाहत असतात, हे हर्कच्या लक्षात आले होते. गायन थांबते आणि फक्त ताल उरतो, ती ही जागा. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या आणि त्या आलटून पालटून वाजवत तो काही सेकंदांचा ताल हवा तितका लांबवला. या लांबवलेल्या ठेक्यावर यमके जुळवत बोलणे म्हणजे रॅप. रॅप, तबकड्यांची ही करामत, नृत्य आणि भिंतींवरील रंगचित्रे या सगळ्यांची मिळून जी संस्कृती झाली, ते हिप-हॉप.

मोठ्या संगीतसंस्थांनी सुरुवातीला तिच्याकडे संशयानेच पाहिले. ग्रॅमी पुरस्कारांत रॅपला पहिल्यांदा स्थान मिळाले ते १९८९मध्ये. तेव्हाही तो पुरस्कार दूरदर्शनवरील प्रक्षेपणात दाखवण्यात आला नाही. विजेत्या जोडीसह अनेक कलावंतांनी त्या सोहळ्यावर बहिष्कार टाकला.

जास्त विकला तो चांगला?

सर्वात सोपी फूटपट्टी म्हणजे विक्री. ती लावली तर दशकाच्या आरंभीच एक नाव पुढे येते, एम. सी. हॅमर. त्याचा १९९०चा अल्बम अमेरिकेच्या यादीत तब्बल २१ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता आणि त्याच्या १ कोटीहून अधिक प्रती खपल्या. ढगळ विजार घालून नाचणारा हॅमर घराघरांत पोहोचला. परंतु आज 'सर्वश्रेष्ठ' अल्बमांच्या याद्यांत हे नाव क्वचितच दिसते. खुद्द हॅमरवर १९९६मध्ये दिवाळखोरी जाहीर करण्याची वेळ आली.

आता दुसरे टोक पाहा. १९ एप्रिल १९९४ रोजी नॅस या २० वर्षांच्या तरुणाचा 'इलमॅटिक' आला. आठवीतच शाळा सोडलेला हा मुलगा न्यूयॉर्कमधील क्वीन्सब्रिज या भल्यामोठ्या सरकारी वसाहतीत वाढला होता. अल्बम जेमतेम चाळीस मिनिटांचा, पण त्यात वसाहतीतले जिने, तुरुंगात गेलेले मित्र, रात्रीची भीती आणि उद्याची आशा, सारे काही होते. एका गाण्यात नॅसचे वडील, जॅझ वादक ओलू दारा यांनी कॉर्नेट वाजवले आहे. 'द सोर्स' या हिप-हॉपला वाहिलेल्या मासिकाने त्याला पाचपैकी पाच मायक्रोफोन दिले. ग्राहक मात्र हळूहळू आले. ५ लाख प्रतींचा टप्पा अधिकृतपणे जाहीर व्हायला १९९६ उजाडले आणि १० लाखांचा टप्पा गाठायला २००१.

आज कोणत्याही वादात 'इलमॅटिक'चे नाव पहिल्या दोन-तीनांत असतेच. विक्रीचा आकडा त्या वर्षाची आवड सांगतो, टिकाऊपणा सांगत नाही, हेच यातून दिसते.

दोन किनाऱ्यांचे भांडण

पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिसचे चाहते हा युक्तिवाद मानत नाहीत. त्यांच्या मते दशकाचा आवाज बदलला तो डॉ. ड्रेने. एन.डब्ल्यू.ए. हा गट सोडल्यावर त्याने डिसेंबर १९९२मध्ये 'द क्रॉनिक' आणला. संथ, घुमणारा ठेका, जुन्या फंक संगीताचा रंग आणि स्नूप डॉग या तरुणाचा आळसावलेला आवाज असे हे मिश्रण होते. पुढची काही वर्षे अमेरिकेत मोटारींच्या खिडक्यांतून हाच नाद ऐकू येत होता.

न्यूयॉर्कने १९९४मध्ये 'रेडी टू डाय' हा नोटोरियस बी.आय.जी.चा अल्बम उत्तरादाखल पुढे केला. गोष्ट सांगण्याची त्याची हातोटी विलक्षण होती. मात्र कलेतली ही चुरस लवकरच वैरात बदलली. पश्चिमेचा लाडका टूपाक शकूर लास व्हेगासमध्ये झालेल्या गोळीबारानंतर १३ सप्टेंबर १९९६ रोजी मरण पावला. तो २५ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी ९ मार्चला बी.आय.जी.चीही गोळ्या घालून हत्या झाली. तो २४ वर्षांचा होता. त्याचा दुसरा अल्बम बाजारात आला तो मृत्यूनंतर सोळा दिवसांनी.

या अल्बमांवर आणखी एक आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. त्यांतील हिंसेचे आणि स्त्रियांविषयीच्या हीन भाषेचे काय करायचे? हा प्रश्न बाहेरच्यांनीच विचारला असे नाही. नागरी हक्क चळवळीतून आलेल्या सी. डेलोरेस टकर या कृष्णवर्णीय नेत्या त्याविरुद्ध जाहीरपणे उभ्या राहिल्या. कलावंतांचे उत्तर असे, की आम्ही गल्लीत जे पाहतो तेच सांगतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. 'द क्रॉनिक'च्या संगीतरचनेला दाद देताना त्यातील शब्दांनाही दाद दिलीच पाहिजे, असे मात्र नाही.

ज्यांना कोणी विचारले नाही

दोन किनाऱ्यांच्या या भांडणात तिसऱ्याचा आवाज दबला जात होता. ३ ऑगस्ट १९९५ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'द सोर्स'चा पुरस्कार सोहळा झाला. सर्वोत्तम नव्या गटाचा मान अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीला मिळाला आणि प्रेक्षागृहातून हुर्यो उठली. दक्षिणेकडच्या या पोरांना रॅप काय कळते, असा एकूण सूर होता. त्यावर जोडीतील आंद्रेने, दक्षिणेलाही काही सांगायचे आहे, अशा अर्थाचे मोजकेच शब्द उच्चारले आणि तो खाली उतरला. तीन वर्षांनी त्यांच्या 'ॲक्वेमिनाय'ला त्याच मासिकाने पाच मायक्रोफोन दिले. २००४मध्ये तर वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमीही आउटकास्टने पटकावला.

दुसरा दुर्लक्षित आवाज स्त्रियांचा. क्वीन लतीफा, सॉल्ट-एन-पेपा आणि मिसी एलियट यांनी हे दशक गाजवले होते. तरी 'महान रॅपर'ची चर्चा निघाली की नावे पुरुषांचीच यायची. ऑगस्ट १९९८मध्ये लॉरिन हिलचा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या ४ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. २३ वर्षांची ही तरुणी रॅपही करत होती आणि गातही होती. प्रेमभंग, स्वाभिमान, देवावरील श्रद्धा हे तिचे विषय होते. आपल्या पहिल्या बाळासाठी तिने रचलेल्या गाण्यात कार्लोस सँटाना यांची गिटार आहे. फेब्रुवारी १९९९मध्ये तिला पाच ग्रॅमी मिळाले. त्यांत वर्षातील सर्वोत्तम अल्बमचाही होता. हा मान मिळवणारा तो पहिला हिप-हॉप अल्बम.

यादी बदलते, गाणी तीच राहतात

तरीही याद्यांना हे मान्य व्हायला वेळ लागला. 'रोलिंग स्टोन' या प्रख्यात अमेरिकन नियतकालिकाने सर्व प्रकारच्या संगीतातील ५०० श्रेष्ठ अल्बमांची यादी २००३मध्ये काढली. तीत लॉरिन हिलचा अल्बम ३१२व्या आणि 'इलमॅटिक' ४००व्या क्रमांकावर होता. २०२०मध्ये हीच यादी नव्याने झाली, तेव्हा लॉरिन हिल १०व्या आणि 'इलमॅटिक' ४४व्या स्थानी पोहोचले!

मधल्या सतरा वर्षांत या अल्बमांतील एकही सूर बदलला नव्हता. बदलले होते ते परीक्षक. नव्या यादीसाठी कलावंत, निर्माते, समीक्षक अशा ३००हून अधिक जणांची मते नव्याने मागवली होती. परीक्षकांच्या बाकावर कोण बसले आहे, यावर निकाल ठरतो, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

उसना सूर आणि त्याचे मोल

श्रेष्ठत्वाच्या वादात एक प्रश्न नेहमी मागे राहतो. अल्बमचे श्रेय नेमके कोणाचे? जुन्या ध्वनिमुद्रिकेतील तुकडा उचलून त्यावर नवे गाणे रचण्याला सॅम्पलिंग म्हणतात. हिप-हॉपचा हा कणाच आहे. १९९१मध्ये बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओ'सुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरला, म्हणून न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधील चोरीविषयीच्या आज्ञेने केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी आणि पैसे, हा नियमच झाला.

याची किंमत डी ला सोल या गटाने मोजली. असंख्य तुकड्यांची गोधडी शिवावी तसे त्यांचे अल्बम होते. परवानग्यांच्या आणि करारांच्या गुंत्यात त्यांचे गाजलेले अल्बम वर्षानुवर्षे इंटरनेटवरील संगीतसेवांवर येऊ शकले नाहीत. नव्या पिढीला ते सहज ऐकताच येत नव्हते, मग श्रेष्ठ कसे ठरवणार? अखेर ३ मार्च २०२३ रोजी ते खुले झाले. गटातील डेव्ह जोलिकूर मात्र तीनच आठवड्यांपूर्वी हे जग सोडून गेला होता.

उसन्या सुराचा हा प्रश्न आपल्यालाही शिवून गेला आहे. २००२मध्ये ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या 'ॲडिक्टिव्ह' गाण्यात लता मंगेशकरांचा आवाज ऐकू आला. 'ज्योती' या १९८१च्या चित्रपटातील 'थोडा रेशम लगता है' या गाण्याचा तो तुकडा होता. अल्बमवर संगीतकार बप्पी लाहिरींचे नावच नव्हते. त्यांनी अमेरिकेत दाद मागितली आणि त्यांना श्रेय दिल्याशिवाय अल्बम विकू नये, असे तेथील न्यायालयाने बजावले. हा अल्बम ज्या कंपनीचा होता, ती 'द क्रॉनिक'वाल्या डॉ. ड्रेची!

मग ऐकायचे काय?

क्वीन्सब्रिजच्या नॅसचे नाव २०१९मध्ये 'गली बॉय' या हिंदी चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत झळकले. मुंबईच्या डिवाइन आणि नेझी या रॅपरांच्या आयुष्यावरून स्फुरलेला हा चित्रपट धारावीत घडतो. स्वतःच्या गल्लीची गोष्ट स्वतःच्या बोलीत सांगावी, हा 'इलमॅटिक'चा धडा इतक्या दूरवर पोहोचला.

घरातली तरुण मुले हे संगीत ऐकत असतील, तर बंद दाराआडून 'आवाज कमी कर' एवढेच सांगण्यापेक्षा कधी शेजारी बसून ऐकायला हरकत नाही. सुरुवात लॉरिन हिलपासून किंवा ट्राइबच्या १९९१च्या 'द लो एंड थिअरी'पासून करावी. त्यात जॅझमधील नामवंत वादक रॉन कार्टर यांचा डबल बास आहे. पालकांसाठी सूचना छापलेल्या अल्बमांची भाषा रांगडी असते, हे मात्र ध्यानात ठेवावे. अनेक गाण्यांच्या सौम्य आवृत्त्याही मिळतात.

आणि पहिला क्रमांक? अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची एक राष्ट्रीय नोंदवही ठेवली आहे. तीत 'द क्रॉनिक' आहे, 'इलमॅटिक' आहे, 'द लो एंड थिअरी' आहे, वू-टँग आहेत आणि लॉरिन हिलही आहे. त्या नोंदवहीत क्रमांक दिले जात नाहीत. एवढीच खबरदारी घेतली जाते, की पुढच्या पिढीला वाद घालायचा झाला, तर गाणी शाबूत असावीत.