दुधाच्या दाढेतलं पांढरं फिलिंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्यात धनकवडीच्या भारती विद्यापीठ दंत महाविद्यालयात जा, कॅम्पातल्या रंगूनवाला दंत महाविद्यालयात जा की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, पाच वर्षांच्या मुलाची दाढ भरायची म्हटलं की पालक विचारतात, ‘किती टिकेल?’ या प्रश्नाभोवती बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : दुधाचे दात पडणारच, मग भरायचे कशाला?
वस्तुस्थिती : समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, दुधाची शेवटची दाढ मात्र १० ते १२ वर्षांपर्यंत असते. म्हणजे आणखी पाच-सात वर्षं पोळी-भाकरी तिनेच चावायची आहे. ती लवकर काढावी लागली, तर मागची दाढ पुढे सरकते आणि कायमच्या दाताची जागा अडते.

गैरसमज : पांढरं सिमेंट सगळं सारखंच.
वस्तुस्थिती : ग्लास आयनोमर दाताला स्वतःहून चिकटतं, फ्लोराइड सोडतं, थोडा ओलावा सोसतं, पण चावण्याच्या जोराने लवकर झिजतं. कंपोझिट मजबूत असतं, मात्र त्याला दात अगदी कोरडा लागतो. पातळ थर द्यायचा, निळ्या प्रकाशाने कडक करायचा, मग पुढचा थर. तेवढ्यात मूल रडलं आणि लाळ आत शिरली, की पकड कच्ची राहते.

गैरसमज : फिलिंग निघालं म्हणजे सामान हलकं होतं.
वस्तुस्थिती : कीड कुठे होती, हे आधी पाहावं. दाढेच्या माथ्यावरच्या छोट्या खड्ड्यातलं फिलिंग चांगलं टिकतं. दोन दाढांच्या फटीतलं लवकर दगा देतं, कारण तिथे बिस्किटाचा लगदा अडकतो आणि कडेने कीड पुन्हा शिरते. कीड मोठी असेल, तर स्टीलची कॅप जास्त भरवशाची.

गैरसमज : त्यापेक्षा चांदी भरलेली बरी.
वस्तुस्थिती : त्या ‘चांदी’त साधारण निम्मा पारा असतो. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला. दंतवैद्याला गरज वाटल्याखेरीज १५ वर्षांखालील मुलांना ती भरू नये, असं करारातल्या देशांनी २०२२ मध्ये ठरवलं.

दाढ भरून झाल्यावरचं काम घरचं. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश आई-बाबांनीच फिरवावा. ब्रशनंतर फक्त पाणी, गोड दुधाची बाटली नाही. डॉक्टरांना आणखी एक विचारा : ही दाढ अजून किती वर्षं राहणार आहे? फिलिंगला तेवढीच वर्षं काढायची आहेत.