जनुकांच्या खुणांवरून पिकांचे नाते

सजीवाच्या पेशीत असलेल्या संपूर्ण डीएनएला जीनोम म्हणतात. त्याचा आकार पाहता, दोन प्रजातींमधील जनुकीय भेद मोजण्यासाठी दोघांचे जीनोम अथपासून इतिपर्यंत वाचणे हा मार्ग दीर्घकाळ आवाक्याबाहेरचा होता. गव्हाचा जीनोम सुमारे १६०० कोटी अक्षरजोड्यांचा, म्हणजे माणसाच्या पाचपटीहून मोठा आहे आणि त्यातील ८० टक्क्यांहून अधिक भाग वारंवार आवृत्त होणाऱ्या क्रमांनी व्यापलेला आहे. प्रथिने घडवणारी जनुके या विस्तारात विखुरलेली असल्याने, केवळ कार्यरत जनुकेच वेगळी काढून वाचता आली तर थोड्या खर्चात पुष्कळ माहिती हाती येईल, हा विचार पुढे आला.

जनुक कार्यरत होते, म्हणजेच व्यक्त होते, तेव्हा त्याची आरएनए-रूपातील प्रत तयार होते. जनुकाच्या मधले, प्रथिनाचा संकेत नसलेले तुकडे या प्रतीतून छाटले जातात आणि उरलेला संदेशवाहक आरएनए प्रथिननिर्मितीसाठी पाठवला जातो. आरएनए लवकर विघटित होत असल्यामुळे प्रयोगशाळेत त्याचे उलट दिशेने डीएनएत रूपांतर केले जाते. हे काम करणारे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधले. अशा पूरक डीएनएच्या टोकाकडील काहीशे अक्षरे वाचली की मिळणारा तुकडा त्या जनुकाची ओळखखूण ठरतो. मार्क अ‍ॅडम्स, क्रेग व्हेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मानवी मेंदूतील जनुकांसाठी ही पद्धत मांडली आणि तिच्यातून मिळणाऱ्या तुकड्यांना ‘ईएसटी’ हे नाव रूढ झाले.

विविधतेच्या अभ्यासकांना या तुकड्यांत आणखी एक गोष्ट उपयोगी पडली. एक ते सहा अक्षरांचा गट एकापाठोपाठ अनेकदा येतो अशा जागा, ज्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात, ईएसटींमध्येही आढळतात आणि अशा जागी आवृत्तींची संख्या वाणागणिक बदलू शकते. त्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या क्रमांशी जुळणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, वापरून पीसीआर तंत्राने तेवढाच भाग वाढवला की त्याच्या लांबीवरून वाणांमधील फरक कळतो. जनुकातील क्रम उत्क्रांतीत सावकाश बदलत असल्याने, एका प्रजातीसाठी बनवलेले प्रायमर तिच्या नातलग प्रजातींतही बहुधा लागू पडतात.

तृणधान्यांवरील संशोधनात याचा स्पष्ट पडताळा आला. बार्लीच्या ईएसटींवरून तयार केलेले मायक्रोसॅटेलाइट प्रायमर इतर धान्यांवर तपासले असता गहू आणि राय यांत सुमारे तीन चतुर्थांश, तर भातात सुमारे ४० टक्के प्रायमर चालले. बार्ली आणि गहू यांचे वंश साधारण एक कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, भाताचा वंश मात्र त्यांच्यापासून सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच फुटला होता. नाते जितके दूरचे, तितके यश कमी.

तथापि ज्या स्थैर्यामुळे या खुणा प्रजातींची सीमा ओलांडतात, त्याच स्थैर्यामुळे त्या विविधता कमी दाखवतात. प्रथिनाचा संकेत तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. एक-दोन अक्षरे कमीअधिक झाली तर पुढचे संपूर्ण वाचन बिघडते, म्हणून संकेतभागात तीन अक्षरांच्या आवृत्तीच प्रामुख्याने टिकतात आणि हानिकारक बदल नैसर्गिक निवडीत गाळले जातात. त्यामुळे एकाच प्रजातीतील वाणांचा सूक्ष्म भेद दाखवण्यात जनुकांबाहेरील मायक्रोसॅटेलाइट सहसा अधिक सरस ठरतात. शिवाय पूरक डीएनएत न दिसणारा छाटला गेलेला तुकडा मूळ डीएनएत दोन प्रायमरांच्या मध्ये आला, तर अपेक्षित पट्टा फारच लांब होतो किंवा मिळतच नाही. ज्या ऊतीतून आरएनए घेतला, तिथे त्या वेळी सुप्त असलेली जनुके संग्रहात येत नाहीत, हीदेखील मर्यादा आहे.

मराठवाडा आणि विदर्भातील शेतकऱ्यांच्या परिचयाच्या तुरीच्या बाबतीत मात्र हीच मर्यादा कौशल्याने उपयोगात आणली गेली. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या संशोधकांनी मर आणि वांझ या रोगांना तोंड देणाऱ्या तुरीच्या ऊतींमधून ९ हजारांहून अधिक ईएसटी मिळवून २०१० मध्ये प्रसिद्ध केले, जेणेकरून रोगाच्या वेळी जागृत होणारी जनुकेच नेमकी हाती यावीत. लागवडीखालील तुरीत जनुकीय विविधता अल्प आणि तिच्या रानटी नातलगांत ती विपुल असल्याने, दोघांत चालणाऱ्या खुणांचे मोल पैदासकारांच्या दृष्टीने मोठे आहे.

आज संपूर्ण आरएनए एकाच वेळी वाचणारी तंत्रे आल्याने ईएसटी मागे पडले आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात १,१२४ वनस्पती प्रजातींतील व्यक्त जनुकांची तुलना करण्यात आली. तंत्र बदलले, तरी विवेकाची गरज तीच राहिली आहे. प्रजातींमधील नाते तपासायचे असेल तर व्यक्त जनुके हे विश्वसनीय साधन आहे, परंतु जनुकपेढीत कोणते वाण जपायचे याचा निर्णय केवळ त्यांच्या आधारे घेणे योग्य ठरणार नाही.