घरगुती संगणकातील साउंड कार्डाची सुधारणा : करमणुकीपासून तारपा-वादनाच्या ध्वनिमुद्रणापर्यंत
(जव्हार व मोखाडा परिसराच्या विशेष संदर्भात)

१. प्रस्तावना

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी आदी आदिवासी समाजांच्या सांस्कृतिक परंपरांसाठी ओळखले जातात. मध्यभागी तारपा वाजविणारा वादक आणि त्याच्याभोवती साखळी करून नाचणारे स्त्री-पुरुष हे वारली चित्रातील दृश्य आज जगभर परिचित आहे. डहाणू तालुक्यातील चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली आणि या चित्रशैलीला राष्ट्रीय मान्यता लाभली. तथापि चित्राला आवाज नसतो. तारपा पाहिलेल्यांच्या मानाने तो प्रत्यक्ष ऐकलेल्यांची संख्या अल्पच आहे. जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाल्यामुळे या वाद्याच्या ध्वनिपरंपरेकडेही लक्ष वेधले गेले आहे.

या ध्वनिपरंपरेची नोंद करण्याचे एक साधन परिसरातील अनेक प्राध्यापकांच्या घरी आधीच उपलब्ध आहे, ते म्हणजे घरगुती संगणक. हा संगणक बहुधा खेळ, गाणी व चित्रपट यांसाठीही वापरला जातो आणि आवाज समाधानकारक वाटेनासा झाला की साउंड कार्ड बदलण्याचा विचार पुढे येतो. हा विचार केव्हा योग्य व केव्हा अनावश्यक, आणि करमणुकीसाठी केलेला खर्च लोकसंगीताच्या जतनासाठीही कसा उपयोगी पडू शकतो, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. साउंड कार्डाचे कार्य

साउंड कार्ड दोन परस्परविरुद्ध कामे करते. संगणकात साठविलेल्या आकड्यांचे विद्युत्-तरंगांत रूपांतर करून ते स्पीकरकडे पाठविणे हे पहिले काम होय. मायक्रोफोनकडून आलेल्या विद्युत्-तरंगांचे आकड्यांत रूपांतर करणे हे दुसरे काम. पहिल्या कामावर ऐकणे अवलंबून असते, दुसऱ्यावर ध्वनिमुद्रण.

तरंगाचे आकड्यांत रूपांतर करताना त्याची उंची ठरावीक अंतराने मोजली जाते. एका सेकंदात किती वेळा मोजणी झाली यास नमुनादर म्हणतात. एखादी कंप्रता अचूक नोंदविण्यासाठी तिच्या दुपटीहून अधिक नमुनादर आवश्यक असतो. मानवी कान साधारणतः २० ते २०,००० हर्ट्‌झ या मर्यादेत ऐकू शकतो, म्हणून संगीताच्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० हा नमुनादर स्वीकारण्यात आला. चित्रपट व व्हिडिओसाठी तो ४८,००० असतो. प्रत्येक मोजणी किती बारकाईने केली जाते हे बिटच्या संख्येवरून ठरते. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या मिळतात व अतिमंद आणि अतितीव्र आवाज यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर सामावते. २४ बिटमध्ये हे अंतर सैद्धांतिकदृष्ट्या १४४ डेसिबल होते.

३. साउंड कार्डाची वाटचाल

१९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीमध्ये केवळ टुकटुक आवाज करणारा छोटा स्पीकर होता. १९८७ मधील ॲडलिब कार्डामुळे खेळांना संगीताची साथ मिळाली. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर बाजारात आणले. १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ या कार्डाने सीडीच्या दर्जाचे ध्वनिस्वरूप घरगुती संगणकावर आणले. त्या काळात साउंड कार्ड स्वतंत्र विकत घ्यावे लागे.

पुढे १९९७ मध्ये इंटेलने एसी ९७ आणि २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ ही मानके प्रसिद्ध केली. त्यामुळे ध्वनीची व्यवस्था मदरबोर्डवरच अंतर्भूत होऊ लागली व स्वतंत्र कार्डाची निकड घटली. २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने ध्वनिप्रक्रियेची रचनाच बदलली. खेळांतील ध्वनिपरिणामांचे जे काम विंडोजच्या नेहमीच्या मार्गाने कार्डावरील चिपकडे जात असे, ते मुख्यतः प्रोसेसरवर आले. म्हणून जुन्या जाहिरातींच्या आधारे आज कार्ड निवडणे योग्य ठरत नाही.

४. खेळ, संगीत व चित्रपट : गरजांची भिन्नता

४.१ खेळ : खेळात आवाज कोणत्या दिशेने आला हे कळणे महत्त्वाचे असते. हेडफोनवर दिशेचा असा भास निर्माण करण्याचे काम आता प्रामुख्याने सॉफ्टवेअर करते. विंडोज १० मध्ये २०१७ पासून विंडोज सॉनिक ही सोय अंतर्भूत झाली व विंडोज ११ मध्येही ती आहे. त्यामुळे केवळ खेळांसाठी नवे कार्ड घेण्यापूर्वी चांगला हेडफोन घेऊन ही सोय वापरून पाहणे अधिक सयुक्तिक आहे.

४.२ संगीत : संगीत ऐकताना पार्श्वभूमीवरील खरखर, वाद्यांतील स्पष्टता व स्वरांचा समतोल लक्षात येतो. मदरबोर्डवरील ध्वनियंत्रणेला प्रोसेसर, पंखे व ग्राफिक्स कार्ड यांचा विद्युत् उपद्रव होऊ शकतो. माउस हलविताच हेडफोनमध्ये सूक्ष्म चिरचिर ऐकू येणे हे त्याचे ओळखीचे लक्षण होय. ते आढळल्यास यूएसबीद्वारे जोडले जाणारे बाह्य साउंड कार्ड उपयुक्त ठरते, कारण त्यातील रूपांतराचे काम संगणकाच्या पेटीबाहेर होते. लक्षण आढळत नसल्यास कार्ड बदलून पडणारा फरक स्पीकर बदलून पडणाऱ्या फरकापेक्षा बहुधा कमी असतो.

४.३ चित्रपट : चित्रपटांतील ५.१ ध्वनीमध्ये पाच दिशांचे स्पीकर व खालच्या स्वरांसाठी एक सबवूफर अपेक्षित असतो. दोनच स्पीकर असलेल्या घरात सहा वाहिन्यांचे कार्ड घेतल्याने त्याचा लाभ मिळत नाही. शिवाय संगणक एचडीएमआय तारेने दूरदर्शन संचाला जोडला असल्यास ध्वनी ग्राफिक्सच्या मार्गाने जातो, साउंड कार्डाचा त्यात सहभागच नसतो. कार्ड बदलूनही फरक पडला नाही, या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते.

सारांश, ऐकण्याची साखळी तिच्या सर्वांत कमकुवत दुव्याइतकीच सक्षम असते आणि घरगुती संगणकात हा दुवा बहुधा स्पीकर असतो, साउंड कार्ड नव्हे.

५. ध्वनिमुद्रण : साउंड कार्डाची खरी कसोटी

ध्वनिमुद्रणात परिस्थिती उलट होते. ऐकताना राहिलेली त्रुटी पुढे चांगले साधन घेऊन दूर करता येते, परंतु नोंदविताना गमावलेला आवाज नंतर परत मिळत नाही. मदरबोर्डवरील व लॅपटॉपवरील मायक्रोफोनची सोय मुख्यतः संभाषणासाठी योजलेली असते. संगीतासाठी ती अपुरी पडते.

तारपा हे वाद्य या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. वाळविलेला भोपळा, त्यात मेणाने बसविलेल्या बांबूच्या नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा अशी त्याची रचना असते. वादक श्वास न तोडता फुंकतो, त्यामुळे स्वर अखंड राहतो. भाताचे नवे पीक येण्याच्या सुमारास रात्र-रात्र चालणाऱ्या नाचात वादकाने चाल बदलली की साखळीतील पावलेही बदलतात.

या अखंड स्वरामुळेच एक अनपेक्षित अडचण निर्माण होते. संभाषणासाठी तयार केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट कमी करणारी योजना असते. पंख्याच्या घरघरीसारखा न थांबणारा, एकसारखा आवाज म्हणजे गोंगाट, आणि खंड पडत येणारा आवाज म्हणजे बोलणे, असे ढोबळ गृहीतक तिच्यामागे असते. या निकषानुसार तारप्याचा अखंड स्वर गोंगाटाच्या सदरात जाण्याचा धोका असतो. संगणक तो दाबतो आणि मागे उरतात ती भोवतालची बोलणी. दुसरी योजना आवाजाची पातळी आपोआप समान राखते. तिच्यामुळे वादक दूर गेला किंवा जवळ आला हा फरक नाहीसा होतो. म्हणून ध्वनिमुद्रणापूर्वी विंडोजमधील ध्वनीच्या रचनेत जाऊन मायक्रोफोनच्या सर्व सुधारणा बंद करणे अत्यावश्यक आहे. यासाठी कोणताही खर्च येत नाही.

खर्च करावयाचा असल्यास दोन मायक्रोफोन जोडता येणारे यूएसबी ऑडिओ इंटरफेस हा घरगुती संगणकासाठी योग्य पर्याय होय. स्टुडिओतील कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा त्यातून मिळतो. तेच साधन हेडफोनसाठीही वापरता येत असल्याने खेळ, संगीत व चित्रपट यांची सोयही साधते.

ध्वनिमुद्रण ४८,००० नमुनादर व २४ बिट या मापाने वेव्ह स्वरूपात करावे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजेच आयएएसएने, ध्वनिजतनासाठी किमान हेच माप सुचविले आहे. दोन वाहिन्यांचे असे ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट, म्हणजे तासाला साधारण एक गिगाबाइट जागा घेते. सध्याच्या हार्ड डिस्कच्या मानाने ही जागा अल्प आहे. २४ बिटमुळे पातळी कमी ठेवता येते. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिल्यास नाच अचानक रंगात आला तरी आवाज फाटत नाही. मोखाड्याच्या बोहाड्यात संबळाचे ठोके व सनईचा स्वर एकत्र येतात, तेथे ही दक्षता विशेष गरजेची आहे. एमपी३ स्वरूप ऐकण्यासाठी व पाठविण्यासाठी वापरावे. मूळ प्रत त्या स्वरूपात ठेवू नये.

६. जुन्या कॅसेटचे रूपांतर

लग्ने, नाच व बोहाडा यांच्या जुन्या कॅसेट घरोघरी असू शकतात. कॅसेटची चुंबकीय फीत काळानुसार क्षीण होते व दमट हवेत तिला बुरशी लागते. जव्हार-मोखाड्याच्या दीर्घ पावसाळ्यात हा धोका अधिक असतो. कॅसेट प्लेअर संगणकाला जोडताना निळ्या रंगाच्या लाइन-इन खाचेचा वापर करावा. गुलाबी खाच मायक्रोफोनची असते, तिच्यात आलेला तीव्र संकेत फाटतो. हिरवी खाच स्पीकरची होय. अनेक लॅपटॉपवर हेडफोन व मायक्रोफोन यांसाठी एकच खाच असते व तिच्यातून बाहेरचा आवाज एकाच वाहिनीने आत येतो. परिणामी स्टिरिओ कॅसेटचा डावा-उजवा भेद नाहीसा होतो. अशा ठिकाणी लाइन-इन असलेले यूएसबी साउंड कार्ड आवश्यक ठरते.

७. खरेदीपूर्व तपासणी

नवे साधन घेण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी.

(अ) ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शांत खोलीचे एक मिनिट ध्वनिमुद्रण करून ते मोठ्या आवाजात ऐकावे. जो आवाज ऐकू येईल तो खोलीचा किंवा यंत्रणेचा स्वतःचा गोंगाट होय.

(आ) संथ घूं असा आवाज येत असल्यास लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर पुन्हा ध्वनिमुद्रण करावे. आवाज थांबल्यास दोष साउंड कार्डाचा नसून ५० हर्ट्‌झच्या वीजपुरवठ्याचा किंवा सदोष अर्थिंगचा आहे. अर्थिंगची दुरुस्ती वीजतंत्रीकडून करून घ्यावी.

(इ) पावसाळ्यात तारांच्या पिनांवर गंज चढून एका बाजूचा आवाज जातो. पिना स्वच्छ करून पाहिल्याखेरीज कार्ड नादुरुस्त ठरवू नये.

(ई) पेटीच्या आत बसवावयाचे कार्ड घेताना मदरबोर्डवरील खाच पाहावी. जुनी पीसीआय कार्डे नव्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसत नाहीत. सध्याच्या विंडोजसाठी ड्रायव्हर मिळतो किंवा नाही याचीही खात्री करावी.

८. निष्कर्ष

खेळ, संगीत व चित्रपट ऐकण्यासाठी मदरबोर्डवरील ध्वनियंत्रणा बहुतांश घरी पुरेशी असते. तेथे प्रथम स्पीकर किंवा हेडफोन सुधारावा. ध्वनिमुद्रणासाठी मात्र आवाज आत घेणारी बाजू सक्षम करणे गरजेचे आहे आणि त्यासाठी केलेला खर्चच करमणुकीलाही उपयोगी पडतो. उलट केवळ करमणुकीसाठी घेतलेले कार्ड ध्वनिमुद्रणासाठी उपयोगी पडेलच असे नाही. ही बाब खरेदीचा क्रम ठरविताना लक्षात घ्यावी.

उपकरणाइतकीच नोंदही महत्त्वाची आहे. वादकाची संमती, त्याचे नाव, गाव, तारीख, प्रसंग व वाजविलेल्या चालीचे स्थानिक नाव यांचा उल्लेख नसलेले ध्वनिमुद्रण अभ्यासाला अपुरे ठरते. ध्वनिमुद्रणाची एक प्रत वादकाच्या घरी व किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे उचित होय. स्पीकर पुढील वर्षीही बदलता येईल. वयोवृद्ध वादकाची चाल मात्र तो वाजवीत आहे तोपर्यंतच नोंदविता येते. जव्हार-मोखाड्यातील प्राध्यापकांनी आपल्या घरातील संगणकाचा या दृष्टीने विचार केल्यास चित्रातून जगाला दिसलेला तारपा पुढील पिढ्यांना ऐकूही येऊ शकेल.