वीतभर हात आणि खर्जाचा सूर

नातीला बेस गिटार शिकायची होती. "हिचे हात लहान आहेत, साधी गिटारच बरी," म्हणून शिक्षकांनी परत पाठवलं. तेरा वर्षांची पोर. घरी येऊन हात पाठीमागे लपवून बसली. मला बघवेना.

बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे आधी आकडे तपासायची खोड! फूटपट्टी काढली. १९५१ साली आलेल्या फेंडर प्रिसिजन बेसच्या तारेची लांबी ३४ इंच; नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारची साधारण २५. बेसवर पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत सुमारे ५ इंच अंतर. चार पडद्यांवर चार बोटं ताणून ठेवायची, तर मोठ्या माणसाचाही पंजा दुखेल.

पण ताणायची कशाला? उभा डबल बेस तर याहूनही लांब. तो वाजवणारे खालच्या सुरांना पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात. तिसरं चौथ्याच्या मदतीला. पुढच्या सुरासाठी अख्खा हात सरकतो. अंगठा दांडीमागे सैल. शिवाय ३० इंची बेसही मिळतो. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनींचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर तेवढाच!

तसाच एक आणला. आता ती रोज वीस मिनिटं वाजवते. मनगट दुखलं की थांबते. परवा शेजारच्या खोलीतून खर्ज घुमला आणि माझी लेखणी थांबली. हात तेवढेच आहेत. फक्त ती ते लपवत नाही.