शास्त्राचे शुद्धिपत्र

जुन्या मराठी ग्रंथांच्या अखेरीस शुद्धिपत्राचे एखादे पान जोडलेले असे. अमुक पृष्ठावर, अमुक ओळीत, अशुद्ध काय आणि शुद्ध काय, एवढाच त्यातील मजकूर. शास्त्रीय संशोधनाची नियतकालिकेही ही रीत पाळतात. मात्र तेथील चूक केवळ अक्षराची नसते. प्रसंगी तिची गाठ माणसाच्या प्राणाशी असते.

शोधनिबंध छापण्यापूर्वी त्या विषयाचे जाणकार तो तपासतात, हे खरे. परंतु परीक्षकापुढे कागद असतो, प्रयोगशाळा नसते. दिलेले आकडे खरे मानूनच त्याला तर्काची पारख करावी लागते. म्हणून प्रामाणिक प्रमाद आणि क्वचित लबाडीही या चाळणीतून निसटते. ती मागाहून ध्यानी आली म्हणजे संपादकापुढे तीन मार्ग असतात. दोष किरकोळ असेल तर दुरुस्ती छापावयाची; संशय गंभीर, पण चौकशी अपुरी असेल तर वाचकांना सावध करणारी सूचना द्यावयाची; आणि निष्कर्षाचा पायाच ढासळला असेल तर निबंध मागे घ्यावयाचा. मागे घेणे म्हणजे पुसून टाकणे नव्हे. निबंध सामान्यतः जागेवरच राहतो. त्यावर ‘मागे घेतला’ अशी ठळक खूण होते आणि तो कोणी व का मागे घेतला, हे जाहीर केले जाते. ब्रिटनमधील काही संपादकांनी १९९७ साली प्रकाशन-नीतीविषयक समिती स्थापन केली. आज तिचे मार्गदर्शन जगभर प्रमाण मानले जाते.

नियम असले तरी ते वेळीच अमलात येतात असे नाही. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकाने फेब्रुवारी १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध छापला. अवघ्या १२ मुलांच्या तपासणीवरून गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील संयुक्त लशीचा स्वमग्नतेशी संबंध त्यात सूचित केला होता. २००४ साली ब्रायन डियर या पत्रकाराने वेकफील्ड यांचे आर्थिक हितसंबंध उजेडात आणले. १२ सहलेखकांपैकी १० जणांनी निबंधातील अर्थनिर्णय मागे घेतला. तरीही निबंध उभाच राहिला. ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने दीर्घ चौकशीनंतर दोष सिद्ध झाल्याचे सांगितले, तेव्हा फेब्रुवारी २०१० मध्ये तो पूर्णपणे मागे घेण्यात आला. मधली १२ वर्षे फुकट गेली नाहीत. ती भीतीच्या पदरी पडली. इंग्लंडमध्ये या लशीचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांपर्यंत घसरले आणि गोवराने पुन्हा डोके वर काढले.

नियतकालिक हे न्यायालय नव्हे. दप्तर जप्त करण्याचा किंवा साक्षी काढण्याचा अधिकार त्याला नाही. चौकशीसाठी लेखकाच्या विद्यापीठाकडे वा रुग्णालयाकडे पाहावे लागते आणि आपलीच अब्रू पणाला लावण्यास संस्था सहसा उत्सुक नसतात. विलंबाचे एक मूळ येथे आहे.

पण विलंब अटळ नाही, हे त्याच ‘लॅन्सेट’ने पुढे दाखविले. २२ मे २०२० रोजी त्यात करोनाच्या सुमारे ९६ हजार रुग्णांच्या माहितीवर आधारलेला निबंध आला. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन अपायकारक असल्याचा त्याचा सूर होता. जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी काही दिवस थांबविली. ऑस्ट्रेलियातील मृत्यूंचा त्यातील आकडा सरकारी आकड्याहूनही मोठा निघाला. शंभराहून अधिक संशोधकांनी मूळ माहिती मागितली. प्रथम दुरुस्ती झाली, मग सावधानतेची सूचना आली. आणि माहिती पुरविणाऱ्या कंपनीने ती तपासनिसांना दाखविण्यास नकार दिल्यावर चारांपैकी तीन लेखकांच्या विनंतीवरून ४ जून रोजी निबंध मागे घेण्यात आला. तिन्ही पायऱ्या १३ दिवसांत संपल्या.

एकीकडे १२ वर्षे, दुसरीकडे १३ दिवस. दोन्ही निबंधांना परीक्षकांनी संमती दिली होती. दुसऱ्या वेळी अनेकांनी एकाच वेळी मूळ पुरावा मागितला आणि त्याला उत्तर देणे टाळता आले नाही, हा मोठा फरक होय. नियतकालिकाची थोरवी कधीच न चुकण्यात नाही. विचारलेल्या प्रश्नाला उघडपणे आणि वेळेवर उत्तर देण्यात आहे. कारण शुद्धिपत्र ग्रंथाच्या शेवटी येते, वाचक मात्र पहिल्या पानापासून विश्वास ठेवीत आलेला असतो.