पंखाखालची हवा, तारेतले इलेक्ट्रॉन

विमानाच्या पंखाची वरची बाजू फुगीर, खालची सपाट. वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता पडतो. मागच्या कडेशी तिला खालच्या हवेला गाठायचं असतं, म्हणून ती वेगाने धावते. वेग वाढला की दाब घटतो आणि विमान उचललं जातं. प्रवाहशास्त्राच्या कित्येक प्राथमिक पुस्तकांत हे असंच छापलेलं आढळतं. ते चूक आहे.

पंखापाशी दुभंगलेली हवा मागे पुन्हा एकत्र आलीच पाहिजे, असा कोणताही नियम नाही. वातबोगद्यात धूर थांबून थांबून सोडला की हे डोळ्यांना दिसतं: वरचा धूर खालच्याच्या आधीच मागच्या कडेपलीकडे गेलेला असतो, त्यांची गाठ पडतच नाही. शिवाय कसरतीची विमानं उलटी होऊनही उडतात, आणि कागदी विमानाला फुगीर पंख असतो कुठे? पंख हवेला खाली वळवतो, म्हणून त्याच्यावर तेवढाच जोर वरच्या दिशेने पडतो. वरच्या बाजूला वेग जास्त आणि दाब कमी असतो, हे खरंच आहे. वेग आणि दाब जोडणाऱ्या बर्नुलीच्या समीकरणात खोट नाही. वेग का वाढतो याचं पुस्तकात दिलेलं कारण खोटं आहे.

नळीतल्या प्रवाहाचा रेनॉल्ड्स अंक (वेग, नळीचा व्यास आणि द्रवाची घनता व चिकटपणा यांतून निघणारा आकडा) 2000 च्या वर गेला की प्रवाह प्रक्षुब्ध, म्हणजे खळबळीचा, होतोच, हाही पक्का बसलेला समज. ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी 1883 मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडली होती. पाणी आधी निवांत होऊ दिलं, नळीचं तोंड कर्ण्यासारखं ठेवलं, तेव्हा हा अंक 12000 च्या घरात जाईपर्यंत धार सरळ राहिली. नंतरच्या प्रयोगांत ती मर्यादा लाखापर्यंत गेली. साधारण 2000 च्या खाली खळबळ टिकत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

विजेचंही तसंच. बटण दाबताच इलेक्ट्रॉन धावत दिव्यापर्यंत जात नाहीत. 1 चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत 1 अँपिअर प्रवाह असेल, तर ते सेकंदाला जेमतेम 0.07 मिलिमीटर सरकतात. एक मीटर जायला जवळपास चार तास. घरातल्या एसी विजेत तर ते जागीच मागेपुढे होतात. ऊर्जा येते ती तारेभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून. भौतिकशास्त्रज्ञ पॉइंटिंग यांनी हे 1884 मध्येच दाखवलं.

सुरुवात करणाऱ्याने फाइनमन यांच्या भौतिकशास्त्राच्या व्याख्यानांचा दुसरा खंड जरूर उघडावा. त्यात विद्युतचुंबकत्व सविस्तर आहे, शेवटाकडे प्रवाही पदार्थांवर दोन प्रकरणं आहेत, आणि तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो.