वारुळावरची अळंबी : ओळख आणि नाव

पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या रानात काही वारुळांवर एका रात्रीत पांढुरक्या छत्र्या उगवतात. गोव्यात वारुळाला ‘रोयण’ म्हणतात, म्हणून ही ‘रोयण अळमी’. बाजारात तिला मोठा भाव येतो. पण तिच्यासारखी दिसणारी दुसरी अळंबी खाल्ली, तर जिवावर बेतू शकते.

चांदीचे नाणे काळे पडले तर अळंबी विषारी, किड्यांनी खाल्लेली असली तर चांगली, अशा कसोट्या आपण ऐकतो. त्या खोट्या आहेत. अमानिटा गटातील काही अळंब्यांचे प्राणघातक विष चांदी काळी करत नाही आणि शिजवूनही जात नाही.

मग पाहायचे काय? आधी जागा. काही जातींच्या वाळव्या लाकूड, पालापाचोळा खातात. तो फारसा न पचता बाहेर पडतो. त्याचीच सच्छिद्र पोळी रचून त्या वारुळात तिच्यावर बुरशी वाढवतात. बुरशी लाकडातील कठीण घटक मोडते आणि वाळवीला अन्न मिळते. पावसाळ्यात याच बुरशीची छत्री जमिनीवर येते. त्यामुळे बहुतेक जातींत दांड्याचे मुळासारखे लांब टोक थेट पोळीपर्यंत पोहोचलेले असते. छत्रीच्या मधोमध माती भेदणारा टोकदार उंचवटा असतो. अमानिटाच्या बुडाशी असते तशी पिशवी इथे नसते.

पुढची खूण वर्गात पाहता येईल. छत्री दांड्यापासून वेगळी करून, पातळ पडद्यांची बाजू खाली ठेवून, अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी. वर भांडे झाकावे. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला दिसेल. वारुळावरच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर, अमानिटाचा पांढरा. गवतात उगवणाऱ्या, जोराच्या उलट्या घडवणाऱ्या क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिसचा ठसा मात्र हिरवट!

१९४२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी या प्रजातीला ‘टर्मिटोमायसिस’, म्हणजे वाळवीची बुरशी, असे नाव दिले. १९७९ साली नटराजन यांनी दक्षिण भारतातील एका जातीला हाइम यांच्या सन्मानार्थ ‘टर्मिटोमायसिस हाइमी’ म्हटले. गावचे नाव आणि शास्त्रीय नाव, दोन्ही वारुळाकडेच बोट दाखवतात. फरक इतकाच, की गावच्या एका नावाखाली अनेक जाती येतात. शास्त्रीय नाव त्या वेगळ्या करते.

एक मात्र विद्यार्थ्यांना बजावून सांगावे. ठसा हा अभ्यासासाठी आहे. एखादी खूण जुळली म्हणून अळंबी खाऊ नये. सगळ्या खुणा जुळल्या तरी जाणत्या माणसाने पाहिल्याशिवाय ती चुलीवर चढवू नये.